कमरेवर लाथ नको, जाणता हात हवा

आज आधी आमची एक चूक कबूल करतो. विहारातल्या सभेत अंधश्रद्धेवर तावातावाने बोलणारे आम्ही. पण स्वतःच्या घरात प्रसंग आला तेव्हा आमचेही तोंड उघडले नाही.

आमची थोरली बहीण आक्का चार घरची धुणीभांडी करते. दोन वर्षांपूर्वी तिच्या कमरेतून कळ निघाली ती कुल्ल्यातून, मांडीच्या मागून थेट पोटरीपर्यंत. नुसते खोकले तरी पायातून वीज गेल्यासारखे होई. आठ दिवस खाडे पडले, पगार कापला गेला. शेजारी म्हणाले, "उसण भरली आहे, पायाळू माणसाची लाथ मारून घ्या." जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्या लाथेने कंबर मोकळी होते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. आम्ही ‘नको’ म्हणायला हवे होते, म्हटले नाही. लाथ बसली. दुसऱ्या दिवशी चालताना आक्काच्या उजव्या पायातली चप्पल निसटू लागली.

तेव्हा आम्ही जागे झालो. रजा टाकली आणि तिला सरकारी हॉस्पिटलात नेले. डॉक्टर म्हणाले, "मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली आहे. पाऊल लाथेनेच कमजोर झाले असे सांगता येणार नाही. पण आधीच दुखावलेल्या गादीवर असा दणका म्हणजे आगीत तेल. जोर आणखी कमी झाला तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल." औषध देऊन त्यांनी फिजिओथेरपी विभागाची चिठ्ठी दिली.

या दुखण्याला आपण सायटिका म्हणतो, आयुर्वेदात त्याला गृध्रसी म्हणतात. सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. कमरेच्या खालच्या मणक्यांतून निघणारे 5 धागे एकत्र येऊन ती होते आणि कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरते. मुळाशी ती दाबली गेली की दुखते मात्र पायात. म्हणून पोटरीला कितीही तेल चोळले तरी मूळ कारण जागच्या जागी राहते.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताई वयाने लहान, पण हात जाणता. त्यांनी लगेच कंबर धरली नाही. आधी तपासले. आक्काला उताणे झोपवून पाय सरळ ठेवून उचलला, कोणत्या उंचीला कळ येते ते पाहिले. अंगठा वर ओढायला लावून त्याचा जोर पाहिला. कुठे बधिर लागते ते विचारले. मग पालथे झोपवून तळहाताने मणक्यांवर हलके, लयीत दाब दिले, पाळण्याला झोका द्यावा तसे. कुठे कडकड आवाज नाही, झटका नाही. नंतर कुल्ल्यातला आखडलेला स्नायू अंगठ्याने दाबून धरला आणि सावकाश सैल केला. आम्ही विचारले, "एवढ्याने गादी जागेवर बसेल?" त्या हसल्या. "काका, हाताने गादी बसत नाही. हाताने दुखणे थोडे कमी होते, आखडलेले सैल होते. तेवढ्या वेळात मावशींनी हालचाल करायची. खरे औषध तेच."

हे त्यांचे एकटीचे मत नव्हे. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शिकेतही म्हटले आहे की हाताचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत. वजन लावून कंबर ओढण्याची शिफारस त्यात नाही.

व्यायामाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1956 साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टचा एक रुग्ण चुकून, डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला. कंबर मागे वाकलेली. पाहतात तो पायाची कळ गेलेली! त्यावरून पुढे एक पद्धतच उभी राहिली. आक्कालाही तेच शिकवले. पालथे झोपायचे, कोपरांवर छाती उचलायची, जमेल तेव्हा हात सरळ करायचे. खूण ध्यानात ठेवावी: कळ पायातून वर कमरेकडे सरकली तर चांगले, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली पावलाकडे उतरली तर तो व्यायाम तिथेच थांबवावा. उतारवयात मणक्याची वाट अरुंद झालेल्यांना उलट पुढे वाकून बरे वाटते. म्हणून शेजारणीचा व्यायाम आपण करू नये, स्वतःचा विचारून घ्यावा.

दुसरा व्यायाम नस सरकवण्याचा. खुर्चीवर बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना मान खाली. अगदी सावकाश, कळ येण्याच्या अलीकडेच थांबायचे.

अंथरुण धरून पडू नका, असेही ताईंनी बजावले. झेपेल तेवढे चालायचे. हंडा उचलताना गुडघ्यात वाकायचे आणि तो अंगाशी धरायचा. भांडी घासताना उकिडवे न बसता उंच पाट घ्यायचा. एका घरच्या बाईंनी पाट द्यायला कुरकुर केली, तेव्हा आम्हीच एक नेऊन दिला.

सायटिकाचे बहुतेक रुग्ण 6 ते 12 आठवड्यांत बरेच सुधारतात. आक्काला जास्त लागले. अंगठ्याचा जोर यायला पाच महिने गेले, पावलाला मुंग्या अजून येतात. पण ती कामावर जाते.

एवढे मात्र भिंतीवर लिहून ठेवा: लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतून कळ गेली किंवा पाऊल लुळे पडले, तर मालीश नाही, लाथ नाही, व्यायामही नाही. त्याच दिवशी मोठे हॉस्पिटल. उशीर झाला तर ते नुकसान कायमचे राहू शकते. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल किंवा पडल्यानंतर दुखू लागले असेल, तरी आधी डॉक्टर.

आपल्या बायाबापड्यांची कंबर म्हणजे घराचा आढा. ती कोणाच्या हाती द्यायची हे विचारून ठरवा. "तुम्ही कुठे शिकलात?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. आम्ही लाजलो. त्याची किंमत आक्काने मोजली.