खोक्यावर न छापलेली माहिती

आठ-दहा वर्षांच्या डेस्कटॉपमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, पंखे फिरले, दिवे लागले, पण डिस्प्ले येत नाही. ही तक्रार दुकानात गेली की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: मशीन जुनं झालं, सगळंच बदला. हा सल्ला अनेकदा घाईचा असतो. कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं ती पीसीआय एक्स्प्रेस पद्धत २००३ पासून मागच्या पिढ्यांना सांभाळून घेतच पुढे आली आहे. २०१० साली ठरलेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये आजचं कार्ड बसतं आणि चालायलाही हवं. ते अडतं ते बहुतेक वेळा आसपासच्या दोन-चार गोष्टींवर, आणि त्या गोष्टी कार्ड बनवणाऱ्याला आधीच ठाऊक असतात. गिऱ्हाइकाने पैसे मोजण्यापूर्वी त्या खोक्यावर ठळक छापलेल्या दिसल्या पाहिजेत.

सर्वांत मोठा घोळ विजेचा. स्लॉटमधून कार्डाला फार तर ७५ वॉट मिळतात. पुढची गरज एसएमपीएसमधून आलेल्या वेगळ्या वायरी भागवतात, सहा पिनांची ७५ वॉट आणि आठ पिनांची १५०. खोक्यावर ‘५५० वॉटचा एसएमपीएस हवा’ असं लिहिलेलं असतं खरं, पण कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवर घेतं. जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसवरचा भला मोठा आकडा मात्र सगळ्या लाइनींचा मिळून असतो. ब्रँडेड ऑफिस पीसीत तर कार्डासाठीची वायरच अनेकदा दिलेली नसते. दुसरा घोळ बायोसचा. जुने मदरबोर्ड, किंवा जुन्या पद्धतीने पीसी सुरू करणारी सेटिंग्ज, नव्या कार्डाशी नेहमी जुळतातच असं नाही. आरटीएक्स ५०६० मालिकेत काही मदरबोर्डांवर रीबूटनंतर स्क्रीन कोरी राहते म्हणून एनव्हीडियाला २०२५ साली कार्डाच्या फर्मवेअरसाठी वेगळं अपडेट काढावं लागलं. म्हणजे कोऱ्या स्क्रीनचं खापर दर वेळी जुन्या मशीनवर फोडता येत नाही. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्याच पोर्टात राहणं, किंवा व्हीजीए मॉनिटरला सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर न लावणं, ही त्यामानाने किरकोळ कारणं. पण तीही मिनिटभरात तपासता येतात आणि तपासली मात्र जात नाहीत.

यावर कंपन्यांचा आक्षेप असा की बाजारात मदरबोर्ड हजारो, प्रत्येकाची जोडी कोण तपासणार? तशी अपेक्षाच नाही. मागणी फक्त स्वतःच्या कार्डाबद्दल सांगण्याची आहे. इंटेलने २०२२ साली आर्क कार्डं आणली तेव्हा रीसायझेबल बार नावाची सोय मदरबोर्डवर नसेल तर वेग बराच घसरतो हे उघड सांगितलं, आणि दहाव्या पिढीचे किंवा पुढचे प्रोसेसर सुचवले. तोटा सांगून माल विकता येतो, एवढं यातून दिसलं. उलट त्याच वर्षी जानेवारीत आलेलं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी पाहा. त्याला डेटा ने-आण करणाऱ्या चारच लेन, मेमरी ४ जीबी. तिसऱ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये त्या चार लेनींची क्षमता निम्मी होते आणि मेमरी भरली की खेळ अडखळतो. जुना पीसी वापरणारा गरजूच अशा स्वस्त कार्डाकडे वळणार, आणि फटका नेमका त्यालाच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुना प्रोसेसर नव्या कार्डाला पुरा पडत नाही, मग खर्च कशाला? महागड्या कार्डाबाबत हे मान्य. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ जुने प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही, ही अडचणही खरीच. पण व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्या मुलाला किंवा साधे खेळ खेळणाऱ्याला मध्यम कार्डाने आणखी काही वर्षं काढता येतात. मात्र त्याला ते निवडता तरी आलं पाहिजे. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली २०२२ साली आलेलं ८ जीबीचं कार्ड १३० वॉटचं आहे आणि २०२४ चं ६ जीबीचं ७० वॉटचं. पहिल्याला जादा वायर लागते. दुसरं नुसत्या स्लॉटच्या विजेवर चालू शकतं.