भंडारा रोडवरून अजबबंगल्याकडे

गाव वरठी, पण स्थानकावरील पाटी 'भंडारा रोड' या नावाची. येथून सकाळच्या गाडीने नागपूर गाठावे, मध्यवर्ती संग्रहालय आणि दीक्षाभूमी पाहून संध्याकाळी परतावे, असा प्रवास आम्ही अनेकदा केला आहे.

१८६३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयास लोक 'अजबबंगला' म्हणतात. आमचा आक्षेप त्यातील 'अजब' या शब्दाला आहे. अजब म्हणून पाहिलेली वस्तू परकीच राहते. संग्रहालयातील शिल्प पाठ्यपुस्तकातील उताऱ्यासारखे असते: निवडलेले, नेटके, परंतु मूळ ग्रंथापासून तुटलेले.

दीक्षाभूमीवर ही तूट जाणवत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती याच जागी. आणि त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १९६९-७० मध्ये, आमच्याच जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या पवनीला नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या मातीखालून प्राचीन स्तूप उजेडात आला. ब्राह्मी अक्षरांत नाव कोरलेला मुचलिंद नागही पवनीचाच. एकोणिसशे छपन्नच्या घटनेला दोन हजार वर्षांची स्थानिक पार्श्वभूमी आहे, हे त्या टेकडीवर उभे राहिल्यावर जसे उमगते तसे काचेपलीकडच्या वस्तूंवरून उमगत नाही.

वाङ्मयाच्या वर्गात आपण संदर्भाचा आग्रह धरतो आणि सहल काढताना तोच विसरतो. विद्यार्थ्यांना नागपूर अवश्य दाखवावे; मात्र त्याआधी एक दिवस पवनीसाठी राखून ठेवावा.