प्लगचा गॅप आणि हॅक्सॉचे पाते



ऊसविकास विभागाने उसाचे सोडून मोटरसायकलच्या प्लगवर का लिहावे, असे कोणी विचारील. पण आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा दिसते ते असे, की लागणीची नोंद द्यायला, रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला, तोडीवर भाकरी पोचवायला सगळीकडे फटफटीच लागते. पाठीवरचा फवारा पंपही आता पेट्रोलवर आला. ही यंत्रे सकाळी उठली नाहीत की दिवस गेलाच, आणि पुष्कळदा दोष निघतो तो बोटाएवढ्या प्लगमध्ये. (ट्रॅक्टरचे सोडा, डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतोच.)

आमचे मत असे, की प्लगचा गॅप हॅक्सॉच्या पात्याने धरण्याची आपल्याकडची वहिवाट आता मोडली पाहिजे.

ही वहिवाट अडाणीपणाची होती असे आम्ही म्हणणार नाही. हॅक्सॉचे साधे पाते सुमारे ०.६३ मि.मी. जाड असते, मेस्त्रीच्या भाषेत पंचवीस थाऊ. पॉइंटवर चालणाऱ्या पुष्कळ जुन्या गाड्यांना ०.६ च्या आसपासच गॅप लागे. पाते अलगद गेले की काम झाले. टू-स्ट्रोक फवारा पंपांपैकी बऱ्याच पंपांना आजही ०.६ ते ०.७ चालतो. पण आजच्या कित्येक फोर-स्ट्रोक मोटरसायकलींना ०.८ ते ०.९ गॅप सांगितलेला आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा व्होल्टेज जास्त आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ, तेव्हा ठिणगी लांब असली तरच ते नीट पेटते. तिथे पाते घालून टोक ठोकले की ठिणगी आखूड होते. गाडी सकाळी किका खाते, स्लोवर झटके देते, आणि दोष जातो कार्बोरेटरला. उलट टोके झिजून गॅप वाढला तर कॉइलवर ताण येतो, आणि चढावर डबलसीट असताना गाडी तुटक चालते. को ८६०३२ जुन्या तीन फुटी सरीत कोंबू नका म्हणून आम्ही घसा कोरडा करतो, त्यातलाच हा प्रकार.

प्लग घेतानाही ‘बसतोय ना, मग झालं’ हे चालायचे नाही. एनजीकेचा सीपीआर ८ ईए-९ हा नंबर घ्या. पहिला ‘सी’ म्हणजे १० मि.मी. आटा, ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, ‘ई’ म्हणजे १९ मि.मी. लांबीचा आटा आणि शेवटचा ९ म्हणजे ०.९ चा गॅप. मधला ८ हा उष्णतेचा आकडा, आणि घोटाळा होतो तो इथेच. एनजीकेत आकडा मोठा तेवढा प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. बॉशच्या सध्याच्या नंबरात नेमके उलटे, आकडा मोठा तेवढा प्लग गरम. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या दुकानात सांगू नये. फार गरम प्लगने पिस्टन जळू शकतो, फार थंड प्लग काजळी धरतो. गाडीच्या पुस्तकात जो नंबर असेल तोच मागावा.

काजळीवरून आठवले. प्लग काळा झाला की आजकाल बोट दाखवतात ते आपल्या इथेनॉलकडे. देशात २० टक्के मिश्रण २०२५ साली गाठले गेले, आणि तेव्हापासून चावडीवर हीच चर्चा. सुकी काजळी येते ती पेट्रोल जास्त नि हवा कमी पडल्याने. आधी एअर फिल्टर झटका. ओला, तेलकट प्लग असेल तर पिस्टनच्या रिंगा बघा, टू-स्ट्रोक असेल तर ऑइलचे माप. इथेनॉलने मिश्रण उलट थोडे पातळच होते. मात्र आपला माल म्हणून लपवाछपवी नको. जुन्या धर्तीच्या दुचाकीचे ॲव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटते असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. इथेनॉल पाणीही ओढते. म्हणून फवारा पंप महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

गॅप करताना इंजिन गार असावे. प्लग काढण्याआधी भोवतालची माती फुंकावी. तारेचे गोल गेज घ्यावे, वाकवायचे ते फक्त बाहेरचे टोक. मधल्या टोकाला किंवा चिनी मातीला जोर लावला की तडा गेलाच समजा. पॉलिश पेपरने घासू नये, खडे आत अडकतात. इरिडियमच्या बारीक टोकाला तर हातच लावू नका. बसवताना आधी बोटांनी आटा धरावा, मग नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे.

हे गेज घरोघरी घ्यावे असे नाही. प्रत्येक गट ऑफिसात एक गेज आणि एक प्लग-पाना ठेवावा, अशी आमची संचालक मंडळाला विनंती आहे. खर्च किरकोळ आहे. सभासदांनीही वार्षिक सभेची वाट न पाहता आपली मागणी चिटबॉयजवळ नोंदवावी.