निवड म्हणजे निर्मिती नव्हे
भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममध्ये खेळाडूच कथा रचतो, लेखक तेथे उरत नाही, असे प्रतिपादन वारंवार केले जाते. ते भ्रामक आहे. रॉबर्ट कुर्वित्झ प्रमुख लेखक असलेल्या 'डिस्को एलिझियम' (२०१९) या खेळात स्मृती गमावलेल्या पोलीस तपासाधिकाऱ्याची २४ कौशल्ये त्याच्या मनात बोलतात, भांडतात, प्रसंगी त्याची दिशाभूलही करतात. कोणता आवाज प्रबळ व्हावा, हे खेळाडू ठरवतो. त्या आवाजाचे प्रत्येक वाक्य मात्र आधीच लिहिलेले असते. फासे उलटे पडले, तर त्या अपयशाचा प्रसंगही लेखकानेच रचलेला असतो. निवडीलाच निर्मिती मानणारी समीक्षा लेखकाचे श्रेय नाकारते आणि त्याला उत्तरदायित्वातूनही मुक्त करते. मग जे पर्याय खेळाडूपुढे ठेवलेच गेले नाहीत, त्यांचा जाब विचारायचा तरी कोणाला?