चालायला सांगण्याआधी विचारा

रोज पाऊण तास भरभर चाला, हा सल्ला डायबेटिस असलेल्या प्रत्येक बाईला मिळतो. दोन महिन्यांनी ती तपासणीला येते तेव्हा वजन तेवढंच असतं आणि शुगरही तेवढीच. मग घरचे आणि दवाखान्यातले मिळून तिला आळशी ठरवतात. भरभर चाललं की लघवी गळते, म्हणून ती चालत नाही. हे तिने सांगितलेलं नसतं आणि तिला कुणी विचारलेलंही नसतं.

शुगर, बीपी, कमरेचा घेर यांबद्दल आता बायका मोकळेपणाने बोलतात. त्यांना चिकटून असलेला हा त्रास मात्र बोलण्यात येत नाही. कुणाची शिंकताना, हंडा उचलताना लघवी सुटते. कुणाला एकाएकी इतकी घाई लागते की संडासापर्यंत पोचणं होत नाही. कित्येकींना दोन्ही होतं. मग बाहेर जायचं असेल त्या दिवशी पाणी प्यायचं नाही, एसटीचा लांबचा प्रवास टाळायचा, आत कापडाची घडी ठेवायची. काहीजणी भजनाला जाणं सोडतात, पूजेला बसायचं टाळतात, कारण आपण आता सोवळ्यात बसण्यासारख्या राहिलो नाही, असं त्यांच्या मनाने घेतलेलं असतं. हे ऐकताना मला फार वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं दुःख टाळता येण्यासारखं आहे.

बाळंतपणं आणि पाळी जाणं ही कारणं खरीच आहेत. पण तिथेच थांबलं की शुगर आणि पोटाची चरबी नजरेआड होते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक पट्टी असते, मूत्राशय आणि गर्भाशय तिच्यावर टेकलेले असतात. वर्षानुवर्षं जास्त वजन पेललेल्या खाटेच्या नवारीसारखी ती सैल पडते. पोटावर चरबी साठली की तो भार रात्रंदिवस असतो. त्यात रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीवाटे टाकू लागतात आणि साखरेबरोबर पाणीही जातं. लघवी वाढते, घाई वाढते, जंतुसंसर्गही सहज होतो. जुन्या डायबेटिसमध्ये मूत्राशयाच्या नसा दुखावतात. मग ते भरल्याचं कळत नाही, पुरतं रिकामं होत नाही आणि ओसंडून गळत राहतं. डायबेटिसच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तर मुद्दामच साखर लघवीतून बाहेर काढतात. बीपीच्या काही गोळ्यांनीही लघवी वाढते. यातली कुठलीच गोळी मनाने बंद करू नये. पण त्रास सांगितला तर डॉक्टर गोळी किंवा तिची वेळ बदलू शकतात.

‘मी काही जाडी नाही’ म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला फोटो आठवावा. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप जास्त खरं सांगते. बाईचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं.

वजन उतरलं तर गळणं कमी होतं का? अमेरिकेत 338 लठ्ठ आणि जादा वजनाच्या महिलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2009 साली आले. आहार-व्यायामाच्या गटाचं वजन सहा महिन्यांत सरासरी 8 टक्के घटलं आणि लघवी सुटण्याचे प्रसंग 47 टक्क्यांनी कमी झाले. नुसती माहिती मिळालेल्या गटात ते 28 टक्क्यांनी घटले. तिथल्याच डायबेटिस रोखण्याच्या मोठ्या अभ्यासातही आहार-व्यायामाच्या गटात हा त्रास कमी आढळला. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेणाऱ्या गटात तो फायदा दिसला नाही. 80 किलोच्या बाईसाठी 8 टक्के म्हणजे सहा-साडेसहा किलो. तेवढं उतरवणं कष्टाचं आहे, पण अशक्य नाही.

त्यासाठी चालायला हवं, आणि चाललं की गळतं! म्हणून सुरुवात तळाच्या स्नायूंपासून करावी. अरनॉल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 साली मांडलेला व्यायाम खर्चाचा नाही: वारा रोखताना आवळतो तो भाग आत-वर ओढायचा, काही सेकंद धरायचा आणि पूर्ण सैल सोडायचा. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत. खोकताना गळणाऱ्या बायकांवरच्या अभ्यासांत, हा व्यायाम करणाऱ्यांपैकी 56 टक्के जणींनी बरं झाल्याचं सांगितलं, न करणाऱ्यांत फक्त 6 टक्क्यांनी. मात्र तो नीट शिकवावा लागतो, कारण पुष्कळजणी नेमका उलटा, खाली जोर देतात. लघवीत रक्त दिसलं किंवा जळजळ होत असेल तर आधी डॉक्टर गाठावा.

आशाताई तिशीपुढच्या प्रत्येक बाईचा फॉर्म भरतात, कमरेचा घेर मोजतात, स्तनातल्या गाठीबद्दल विचारतात. ‘लघवी गळते का?’ हा एक प्रश्न त्यात घाला, अशी माझी आरोग्य विभागाकडे मागणी आहे. डायबेटिसच्या तपासणीत डोळे, किडनी, पाय यांच्या जोडीला तो डॉक्टरांनीही विचारावा. आणि उत्तर ‘हो’ आलं, तर केगल शिकवू शकणारी एक प्रशिक्षित नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एक दिवस तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात बसायला हवी.