रोगनिदानाची रांग

१९८६ साली संरक्षण खात्याच्या अखत्यारीतील ‘इन्मास’ या दिल्लीच्या संस्थेत देशातील पहिले एमआरआय यंत्र बसविण्यात आले. सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक संस्थेत या तंत्राचा येथे आरंभ झाला, हे आज मुद्दाम सांगावे लागते. कारण त्याच राजधानीच्या परिसरातील श्रमिकाला या तपासणीसाठी एक तर खासगी केंद्रात पदरचे पैसे मोजावे लागतात, किंवा सरकारी रुग्णालयाच्या रांगेत तिष्ठत राहावे लागते.

या विलंबाची किंमत मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात स्पष्ट दिसते. यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन आवरणावर उलटते. रोगी बहुधा ऐन तारुण्यातील, आणि त्यांतही स्त्रियांची संख्या अधिक. एका डोळ्याची दृष्टी मंदावते, पाय बधिर होतात. काही आठवड्यांनी त्रास ओसरतो आणि नोएडाच्या वा फरिदाबादच्या कारखान्यातील कामगार पुन्हा पाळीवर रुजू होते. आत रोगाचे काम मात्र चालूच राहते.

मज्जासंस्थेच्या वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या काळी इजा झाली आहे, हे सिद्ध करणे हा या निदानाचा गाभा होय. पूर्वी त्यासाठी दुसऱ्या झटक्याची वाट पाहावी लागे. सीटी स्कॅनला न दिसणारे अनेक चट्टे एमआरआयमध्ये दिसतात, हे १९८१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी दाखवून दिले. २००१ च्या मॅकडोनाल्ड निकषांनी या पुराव्याला निदानात रीतसर स्थान दिले. आता पहिल्या झटक्यानंतरच निदान होऊ शकते, आणि लवकर सुरू केलेल्या औषधाने अपंगत्व लांबविता येते.

तथापि केवळ यंत्रे आणून भागणार नाही. क्षयरोगाच्या काही प्रकारांत वा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या रोगातही चित्र फसवे असू शकते; या दुसऱ्या रोगात तर मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधे अपायच करतात. म्हणून चित्राचा अर्थ लावणारे मज्जाविकारतज्ज्ञ, पाठीतील द्रवाची आणि रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी यांचीही तितकीच निकड आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मल्टिपल स्क्लेरोसिसला मान्यता दिली. परंतु निदानाचा कागदच हाती नसेल, तर त्या मान्यतेचा रुग्णाला काय उपयोग? सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात होते. ती मुदत उलटली. वचन अपुरेच राहिले.

मार्ग नाही असे नव्हे. मुंबईच्या ‘समीर’ या सरकारी संस्थेच्या पुढाकाराने स्वदेशी एमआरआय यंत्र तयार झाले असून, त्याच्या चाचण्यांसाठी मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’शी करार झाला. आयातीवरील अवलंबन तोडण्याची ही संधी आहे. ही यंत्रे जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचली पाहिजेत, ती चालविणारी पदे कायमस्वरूपी भरली गेली पाहिजेत, आणि तपासणी विनामूल्य झाली पाहिजे. सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले विज्ञान जनतेच्या पदरात पडावे, यासाठी संघटित आग्रह धरणे हे आता सर्व लोकशाहीवादी शक्तींचे कर्तव्य आहे.