भाकरीपासून मल्लखांबापर्यंत

स्नायू थेट भाकरीवर चालत नाही, एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर चालतो. ज्वारीतल्या स्टार्चचे पोटात ग्लुकोज होते आणि पेशीत ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याचे ज्वलन होऊन एटीपी तयार होते. त्याचा साठा जेमतेम काही सेकंदांचा. ते सतत बनवत राहावे लागते.

हा हिशेब देशी खेळांतही दिसतो. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. अशा देशी खेळांपैकी मल्लखांब घ्या: त्यावर झेप घेताना तयार एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट कामी येते. मांडीची पकड आवळून धरली की स्नायूतले ग्लायकोजेन ऑक्सिजनविना फुटू लागते, लॅक्टेट साचते, मांड्या भरून येतात. उतरल्यावरची धाप ही ऑक्सिजनच्या त्याच उधारीची फेड. पल्ला लांबला, तर ऑक्सिजन आणि चरबीवाचून भागत नाही.

ऊर्जेच्या खर्चाचे मोजमाप श्वासावरून होते: एक लिटर ऑक्सिजन वापरला की सुमारे ५ किलोकॅलरी खर्च. अन्नाच्या बाजूने पाहिले, तर पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनांतून ग्रॅममागे ४, स्निग्धांशातून ९ किलोकॅलरी मिळतात. घड्याळी पट्ट्यांचे आकडे हा निव्वळ अंदाज.

या खर्चातला जेमतेम पाव हिस्सा कामात उतरतो, बाकीची उष्णता. वऱ्हाडातल्या मे महिन्यात ती बाहेर टाकणे हेच मोठे काम होऊन बसते. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. निथळून गेलेला घाम काहीच नेत नाही.